शेवईएवढा तुकडा: अल्क पॉझिटिव्ह फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल

गेल्या मे महिन्यात आमच्या लॅबच्या खिडकीशी बाविशीतला एक मुलगा येऊन उभा राहिला. काखेत एक्स-रेची मोठी पिशवी. म्हणाला, "मॅडम, आईचा ब्लॉक पाहिजे होता. मुंबईला मागितलाय."

"ब्लॉक म्हणजे काय, माहितीये का?"

"सिमेंटचा नसणार, एवढं माहितीये."

मी कपाटातून ब्लॉक काढून त्याच्या तळहातावर ठेवला. काडेपेटीहून जरा लहान, प्लॅस्टिकची जाळीदार डबी. तिच्या पाठीवर पांढरं मेण, आणि मेणात रुतलेले करडे-पांढरे तीन धागे. मोडक्या शेवयाच म्हणा ना. बायोप्सीच्या सुईने फुप्फुसातून काढलेला तुकडा असाच दिसतो.

"एवढंच?" तो म्हणाला.

एवढंच. त्याच्या आईला पुढे कोणतं औषध द्यायचं, ते या तीन धाग्यांवर ठरणार होतं. मी त्याची रजिस्टरवर सही घेतली आणि बजावलं, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, मेण आहे, वितळेल.

ब्लॉक रुग्णाचा असतो. तो मागता येतो, मागावा. लॅब त्याची नोंद ठेवून देते. पुष्कळ नातेवाईक नुसता कागदी रिपोर्ट घेऊन परळला टाटाच्या रांगेत उभे राहतात. तिथे ब्लॉक मागितला की पुन्हा रातराणी पकडून गावी येतात. तो हेलपाटा वाचावा, म्हणून सुरुवातच ब्लॉकपासून केली.

या बाईंचं वय चव्वेचाळीस. विडी नाही, सिगारेट नाही. तीन महिने खोकला, मग दम लागायला लागला, छातीत पाणी झालं. पाणी काढलं आणि टीबीचा कोर्स सुरू झाला. चार महिने गोळ्या खाल्ल्या, वजन काही वाढलं नाही, पाणी पुन्हा भरलं. मग कुणीतरी सीटी स्कॅन सांगितला आणि तुकडा काढला. निघाला अल्क पॉझिटिव्ह फुप्फुसाचा कॅन्सर.

रिपोर्टवर ए, एल, के ही तीन अक्षरं सुटी लिहिलेली असतात, डॉक्टर त्यांचा एकत्र उच्चार "अल्क" असा करतात. हे एका जनुकाचं नाव. पूर्ण नाव अ‍ॅनाप्लास्टिक लिंफोमा कायनेज, कारण १९९४ साली ते सापडलं ते एका वेगळ्याच आजारात, लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये. नातेवाईक रात्री मोबाइलवर हे नाव शोधतात आणि सकाळी घाबरून विचारतात, आता लिंफोमापण झाला का? नाही झाला. जनुकाचं बारसं तिकडे झालं, एवढंच.

तर होतं काय? अल्क जनुक आपल्या सगळ्यांच्या पेशींत असतं. बाळ पोटात असताना मज्जासंस्था घडवण्यात त्याचा हात असतो, पुढे मोठेपणी ते बहुतेक ठिकाणी गप्प पडून राहतं. शेतातली बंद मोटर समजा. फुप्फुसाच्या पेशीत ती चालायचं काही कारणच नाही.

त्याच गुणसूत्रावर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, थोड्या अंतरावर दुसरं एक जनुक आहे, ईएमएल४. ते रोजच्या कामाचं, कायम चालू असणारं. वरून जाणारी विजेची तार म्हणा. पेशी विभागताना कधीतरी गुणसूत्राचा मधला तुकडा दोन्ही टोकांना तुटतो आणि उलटा होऊन परत चिकटतो, शिंप्याने साडीच्या काठाचा तुकडा उलटा शिवावा तसा. या उलटापालटीत ईएमएल४चा पुढचा भाग आणि अल्कचा मागचा भाग एकमेकांना जोडले जातात. खेड्यात वाढलेल्याला हे एका वाक्यात कळतं: मोटरवर आकडा टाकला. स्टार्टर नाही, मीटर नाही, मोटर थेट तारेवरून दिवसरात्र चालू. पेशीला "वाढ, विभाग, वाढ" असा निरोप अखंड जात राहतो. तोच हा कॅन्सर.

ही मोडतोड त्या एका पेशीत, आयुष्यात कधीतरी झालेली असते. आईवडिलांकडून आलेली नसते, लेकरांकडे जात नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरात लग्नाची मुलगी असली की हा प्रश्न कुजबुजत का होईना, येतोच.

फुप्फुसाच्या कॅन्सरचे मुख्य दोन गट: एक स्मॉल सेल, दुसरा नॉन-स्मॉल सेल. साधारण ८५ टक्के रुग्ण दुसऱ्या गटात असतात आणि त्या गटातल्या शंभरात ३ ते ५ जणांना अल्कचा हा प्रकार असतो. म्हणून याला दुर्मीळ म्हणतात. पण भारतात फुप्फुसाच्या कॅन्सरचे वर्षाला ८० हजारांच्या आसपास नवे रुग्ण निघतात. गुणाकार केला की हे दुर्मीळ प्रकरण दरसाल दोन-तीन हजार घरांत शिरतं. बहुतेक अ‍ॅडिनोकार्सिनोमा या उपप्रकारात. तुलनेने तरुण वयात आणि बरेचदा कधीही धूर न ओढलेल्या माणसांत.

"बरेचदा" हा शब्द मात्र नीट वाचा. ईएमएल४ आणि अल्कची ही जोडी फुप्फुसात पहिल्यांदा सापडली २००७ साली, जपानमधल्या जिची मेडिकल युनिव्हर्सिटीत, हिरोयुकी मानो यांच्या गटाला. आणि ती ज्याच्या गाठीत सापडली तो ६२ वर्षांचा पुरुष होता, धूम्रपान करणारा! पुढे त्यांनी तपासलेल्या ७५ रुग्णांपैकी ५ जणांत ती निघाली. म्हणून "हा सिगारेट ओढायचा, याची अल्क कशाला करायची" हा युक्तिवाद चुकीचा आहे. २०१३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही तेच सांगितलं: अ‍ॅडिनोकार्सिनोमा असेल तर वय, लिंग, व्यसन न पाहता तपासणी करा.

आता निदानाकडे येऊ. आमच्याकडे खरं घोडं अडतं ते इथेच.

खोकला, बारीक ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, छातीत पाणी: ही यादी टीबीचीही आहे आणि कॅन्सरचीही. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरच्या मनात आधी तोच येणं स्वाभाविक आहे. माझी तक्रार टीबीचा संशय घेतल्याबद्दल नाही. पुरावा न शोधता सहा महिन्यांचा कोर्स लावून द्यायचा आणि दोन महिन्यांनी फरक नाही दिसला तरी "कोर्स पूर्ण करा" म्हणायचं, याबद्दल आहे. थुंकीत जंतू दिसले नाहीत, जीन-एक्स्पर्ट ही टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी निगेटिव्ह आली, गोळ्यांनी गुण नाही, तर तुकडा हवा.

आणि छातीतलं पाणी! बाटलीभर पाणी काढतात, दहा मिलिलिटर तपासायला पाठवतात आणि उरलेलं ओततात. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी तरंगत असतील तर ते पाणी म्हणजेच बायोप्सी. ते यंत्रात वेगाने फिरवून पेशी तळाला बसवतात आणि त्या गाळाचा ब्लॉक बनवतात, त्याला सेल ब्लॉक म्हणतात. त्यावर अल्कची तपासणी होते. सुई खुपसायची गरजसुद्धा कधी कधी पडत नाही. म्हणून पाणी काढताना विचारा: "सायटॉलॉजीला (पेशींच्या तपासणीला) आणि सेल ब्लॉकला पाठवताय ना? भरपूर पाठवा."

तुकड्याचंही तसंच. तो काढल्याबरोबर दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे. मे महिन्यात एसटीच्या पार्सलने सलाइनच्या बाटलीत आलेले तुकडे मी पाहिले आहेत. वाटेत सडून गेलेले, त्यांतून काहीही वाचता येत नाही. उलट आठवडाभर फॉर्मॅलिनमध्ये विसरलेला तुकडाही बिघडतो. सहा तासांहून कमी नको, तीन दिवसांहून जास्त नको. हाडातला तुकडा असेल तर तो मऊ करायला आम्लात ठेवतात आणि त्या आम्लाने डीएनएची वाट लागते. म्हणून दुसरीकडून तुकडा मिळत असेल तर हाड शेवटचं.

ब्लॉक तयार झाला की आम्ही त्याचे चार मायक्रॉनचे काप काढतो, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे भाग. इथे खरी काटकसर लागते. काप काढत गेलं की शेवई संपते. कापावर हा रंग चढवून बघू, तो रंग चढवून बघू करत आठ-दहा रंग करून टाकले तर जनुकांच्या तपासणीला काही उरत नाही आणि रुग्णाला पुन्हा सुईखाली जावं लागतं. फुप्फुसाचा संशय असेल तर मोजकेच रंग करावेत आणि उरलेला तुकडा राखून ठेवावा. स्वयंपाकघरातल्या केशरासारखा.

सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी या आजाराची चाहूल लागते. पेशीच्या पोटात चिकट द्रवाचा थेंब साठतो, केंद्रक कडेला ढकललं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. अशा अंगठ्यांचा घोळका दिसला की माझ्या मनात अल्क येतं. पण मनात येण्यावर कुणी औषध लिहून देत नाही.

सगळ्यात सोपी तपासणी आयएचसी. अल्कचं प्रथिन पकडणारी अँटिबॉडी कापावर सोडतात. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. निरोगी फुप्फुसात हे प्रथिन नसतंच, त्यामुळे पेशी गडद तपकिरी झाल्या की उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. डी५एफ३ नावाची अँटिबॉडी यासाठी मान्यताप्राप्त आहे. रंग अर्धवट चढला, शंका राहिली, तर फिश. नावाला हसू नका. यात जनुकाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा ठिपका लावतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके खेटून, पिवळसर दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. अंधाऱ्या खोलीत बसून किमान ५० पेशी मोजायच्या. त्यांतल्या १५ टक्के किंवा जास्त पेशींत ठिपके फुटलेले दिसले की पॉझिटिव्ह. मोजून मोजून डोळे शिणतात, पण रात्री शेतातले काजवे बघावेत तशी मजाही येते.

तिसरी तपासणी एनजीएस. ती पुष्कळ जनुकं एकदम वाचते. फायदा असा की अल्क नसलंच तर ईजीएफआर, आरओएस१, आरईटी असे बाकीचे दोषही त्याच झटक्यात कळतात. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एकात ईजीएफआरचा दोष असतो, त्यालाही गोळी आहे. एनजीएसला तुकडा जास्त लागतो, पैसे जास्त लागतात, दोन-तीन आठवडे जातात. हे आठवडे घरच्यांना खायला उठतात. "मॅडम, तोवर काहीतरी सुरू करायला सांगा ना."

रुग्णाला फार दम लागत असेल तर थांबून चालत नाही, डॉक्टर केमो सुरू करतात, त्यात गैर काही नाही. पण एका गोष्टीची घाई नको: इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध. ती लागू पडेल का याचा अंदाज देणाऱ्या पीडी-एल१ नावाच्या तपासणीत ८० टक्के आलं की ती देण्याचा मोह होतो. अल्क पॉझिटिव्ह आजारात मात्र तिचा उपयोग फार थोडा. शिवाय आधी इम्युनोथेरपी आणि पाठोपाठ क्रिझोटिनिब ही अल्कवरची गोळी दिली तर यकृताला इजा होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. अल्कचा रिपोर्ट हातात आल्यावरच तो निर्णय घ्यावा.

आता औषध. क्रिझोटिनिबची गोष्ट नशिबाची आहे. हे रसायन दुसऱ्याच एका प्रथिनासाठी, मेटसाठी, बनवलं होतं आणि २००७ मध्ये मानो यांचा शोधनिबंध आला तेव्हा रुग्णांवर त्याच्या चाचण्या चालूच होत्या. ते अल्कलाही रोखतं हे माहीत होतं. लगेच अल्कच्या रुग्णांचा शोध सुरू झाला. सुमारे १,५०० जणांची तपासणी केली तेव्हा ८२ रुग्ण मिळाले. त्यांतल्या ५७ टक्के लोकांच्या गाठी लक्षणीय आटल्या. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. दोष सापडल्यापासून औषध दुकानात येईपर्यंत चार वर्षं. कॅन्सरच्या जगात असं सहसा घडत नाही.

गोळी करते काय? मोटरला ऊर्जा जिथून मिळते तिथे एक खाच असते. गोळी त्या खाचेत लाकडाच्या पाचरीसारखी जाऊन बसते. आकडा तसाच राहतो, पण मोटर थांबते. आणि आकडा तसाच राहतो म्हणूनच गोळी रोज घ्यावी लागते. खोकला गेला म्हणून बंद केली की मोटर पुन्हा धावते.

क्रिझोटिनिबची मोठी अडचण मेंदू. हा आजार मेंदूत जायला सोकावलेला आहे आणि हे औषध मेंदूत नीट पोहोचत नाही. म्हणून निदान झाल्यावर डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा एमआरआय करायला सांगतात. तो टाळू नका. नंतर आलेली अ‍ॅलेक्टिनिब, ब्रिगॅटिनिब, लॉरलॅटिनिब ही औषधं मेंदूतही चांगली काम करतात, त्यामुळे मेंदूत छोट्या गाठी असल्या तरी कधी कधी रेडिएशन पुढे ढकलता येतं.

आकडे बघा. अ‍ॅलेक्टिनिब आणि क्रिझोटिनिबची थेट तुलना झाली, तेव्हा आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मधला काळ ३४.८ महिने विरुद्ध १०.९ महिने असा निघाला. लॉरलॅटिनिबच्या क्राउन नावाच्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: पाच वर्षांनंतरही ६० टक्के लोकांचा आजार पुढे सरकलेला नव्हता. क्रिझोटिनिबवर हाच आकडा ८ टक्के. हे सगळे पसरलेल्या आजाराचे रुग्ण होते. "चौथी स्टेज" ऐकून घरात जो सुतकी शांतपणा पसरतो, त्याला हे आकडे माहीत नसतात. अर्थात आजार थांबला म्हणजे मुळासकट गेला असं नव्हे. डॉक्टर "बरा झाला" म्हणत नाहीत, "कंट्रोलमध्ये आहे" म्हणतात, ते विचार करूनच म्हणतात.

आजार लवकर सापडला तर आधी शस्त्रक्रिया. त्यानंतर दोन वर्षं अ‍ॅलेक्टिनिब दिलं तर, केमोच्या तुलनेत, आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हेही २०२४ मध्येच प्रसिद्ध झालं.

गोळी आहे म्हणून त्रास नाही असं समजू नका. अ‍ॅलेक्टिनिबच्या चार कॅप्सूल सकाळी, चार संध्याकाळी, जेवणासोबत. बद्धकोष्ठ, स्नायू दुखणं, पायाला सूज, नाडी मंद होणं. कातडीला ऊनही सोसत नाही. विदर्भातल्या रुग्णाला "ऊन टाळा" सांगणं म्हणजे घरात कोंडणंच, पण पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर उपरणं तरी हवंच. क्रिझोटिनिबवर अंधारातून उजेडात गेलं की दिव्यांना शेपट्या फुटल्यासारख्या दिसतात. लॉरलॅटिनिबने बहुतेकांचं कोलेस्टेरॉल चढतं आणि त्याची वेगळी गोळी लागते. काहींना बोलताना शब्द सापडत नाहीत, काहींची चिडचिड वाढते, काहींना भास होतात. हे रुग्णाच्या आधी बायकोला किंवा सुनेला कळतं. "हल्ली स्वभाव बदललाय" हे वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा. डोस कमी केला की बरेचदा माणूस पूर्ववत होतो.

खर्च हा मोठाच विषय. २२ सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅलेक्टिनिबवरचा जीएसटी शून्य झाला, तरी गोळ्या महागच आहेत. कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना असतात, काही महिने विकत घेतल्यावर पुढचे फुकट असं काहीसं गणित असतं. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथे पहिल्याच दिवशी जा, जमीन विकून झाल्यावर नको.

कधी ना कधी बहुतेकांत आजार वाट काढतो. खाचेचा आकार किंचित बदलतो आणि पाचर बसेनाशी होते. असा एक कुप्रसिद्ध बदल प्रथिनाच्या १२०२ क्रमांकाच्या जागी होतो. आधीच्या बऱ्याच गोळ्या तिथे थकतात, लॉरलॅटिनिब चालतं. म्हणून आजार वाढला की पुन्हा तुकडा काढायला, किंवा रक्तातून जनुकं तपासायला सांगतात. "एकदा झाली ना बायोप्सी?" असं वैतागून म्हणावंसं वाटतं, पण पहिली शेवई जुन्या खाचेची असते. एकच गाठ वाढली असेल तर तेवढ्यावर रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवतात. गोळ्या संपल्या तरी पेमेट्रेक्सेड या औषधावर आधारित केमो या आजारात बऱ्यापैकी चालते.

आणखी एक गोष्ट, आणि ती जुन्या टीबीकडेच परत नेते. लॉरलॅटिनिब आणि रिफाम्पिसिन एकत्र कधीही द्यायचं नाही. निरोगी स्वयंसेवकांवर हे करून पाहिलं तेव्हा १२ पैकी १० जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली. रिफाम्पिसिन हे टीबीच्या कोर्समधलं लाल गोळीवालं औषध, लघवी केशरी करणारं. समजा वर्षभराने, लॉरलॅटिनिब चालू असताना, आपल्या या रुग्णाला पुन्हा खोकला आला, ती जवळच्या दवाखान्यात गेली, तिथल्या डॉक्टरने जुनी फाइल पाहिली, टीबीचा शेरा वाचला आणि कोर्स सुरू केला तर? म्हणून त्या मुलाला मी नंतर फोनवर सांगितलं, आईच्या गोळीचं नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिही, खाली "रिफाम्पिसिन देऊ नये" असं लिही, आणि तो कागद तिच्या आधार कार्डाच्या पाकिटात ठेव.

"लॅमिनेट करून ठेवू का मॅडम?"

कर, म्हटलं.